भाचीची सॅक आणि गोदामातली गाठ

यादी दोन पानांची होती. पहिल्या पानावर दिवसभराच्या हाइकचं सामान, दुसऱ्यावर रात्री मुक्काम असेल तर लागणारं जादा सामान. ताईने दोन्ही पानं फ्रिजला चुंबकाने अडकवली आणि पर्स खांद्याला लावता लावता म्हणाली, "हे तुझ्याकडे रे. मला यंदा एप्रिलभर शनिवारची ड्यूटी आहे."

"माझ्याकडे?"

"बांधाबांध तुझ्याइतकी कुणाला येते या घरात?"

ती गेली आणि मी फ्रिजसमोर उभा राहिलो. इंग्रजी अक्षरं मला लागायची, पण एकेक करून. सगळं पान एकदम समोर आलं की पहिल्या ओळीलाच पाय अडायचा.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. दाजी कम्प्युटरवाले, आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या राज्यात क्लायंटकडे. त्यांनी माझे अमेरिकेत यायचे कागद केले, ते हलायला बारा वर्षं गेली, आणि तरी त्या दोघांपैकी कुणी मधेच 'जाऊ दे आता' म्हटलं नाही. मी पार्सिपनीला आलो तेव्हा बेसमेंटमधली खोली रंग देऊन तयार होती. उशीचा अभ्रासुद्धा नवा होता. दाजींनी रविवारी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये मला गाडी शिकवली, एकदाही आवाज चढवला नाही. इंडियन ग्रोसरीत पोती फोडून माल लावायचं कामही त्यांच्याच ओळखीने मिळालं. या सगळ्याची परतफेड कशाने करायची हे मला कळायचं नाही. म्हणून घरात कुणी काही सांगितलं की मी ते लागलीच करायचो, आणि केल्यावर ते नीट झालं की नाही या काळजीत पुढचे दोन दिवस घालवायचो.

मी आठवीत नापास झालो, त्या उन्हाळ्यात सांगलीत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला लागलो आणि परत शाळेत गेलोच नाही. पंचवीस वर्षं तिथे हळदीची पोती शिवली, बेदाण्याच्या पेट्या बांधल्या. मी बांधलेला नग कलकत्त्यापर्यंत गेला तरी वाटेत सुटला अशी तक्रार कधी आली नाही. ताईला हे माहीत होतं. तिने यादी माझ्या हवाली केली ती त्याच भरवशावर, आणि मला त्याचा अभिमानही वाटला, धडकीही भरली.

भाची तेव्हा अकरा वर्षांची, सहावीत. जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, पण आईबापांना उत्तर इंग्रजीत द्यायची. माझ्याशी मात्र मराठी बोलायची, कारण माझं इंग्रजी तिच्या मराठीपेक्षा वाईट होतं. शाळेतल्या मुलींचा एक हायकिंगचा ग्रुप होता, त्यात तिने आपणहून नाव घातलं होतं. ती किचनच्या ओट्यावर चढून बसली आणि यादी वाचायला लागली. मी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मराठीत लिहीत होतो.

"पाणी. दोन बाटल्या. रेन जॅकेट. टॉर्च. खाऊ. फर्स्ट एड. व्हिसल."

"शिट्टी कशाला?"

"हरवले तर वाजवायची."

"हरवलीस तर ओरड की."

"ओरडून घसा दुखतो, मामा. व्हिसलला घसा नाहीये."

"बरं. पुढं?"

"कॉटन नको. जीन्स नको."

इथे मी थांबलो. सुती कापडासारखं अंगाला चांगलं दुसरं काही नाही, हे मी जन्मापासून ऐकत आलो होतो. ती म्हणाली, कॉटन भिजलं की वाळत नाही आणि मग थंडी वाजते. लीडरने सांगितलंय. मी लिहिलं, 'सुती नको', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"आणि चाकू नाही आणायचा. चाकू फक्त लीडरकडे."

हेही लिहिलं.

पहिली हाइक एका दिवसाची होती आणि तिचं सामान मी भरलं ते गोदामातल्या हाताने भरलं, म्हणजे पिशवीत कुठेही बोट जाईल एवढी जागा ठेवली नाही. दोनाऐवजी चार बाटल्या. दहा पराठे, इतर मुलींनाही द्यावे म्हणून. ताप, पोटदुखी, खोकला, सगळ्याची औषधं. एक छत्री. संध्याकाळी ती परत आली ती खांद्यावर दोन लाल पट्टे घेऊन, आणि खाली बसून बूट हळूहळू काढले. दोन्ही टाचांना फोड आले होते, एक फुटलाही होता.

"लीडरला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का गं?"

"ऑलरेडी सगळ्या हसत होत्या. अंब्रेलाला."

म्हणजे सकाळी कधीतरी फोड आला आणि दिवसभर ती तशीच चालली. फर्स्ट एडची पिशवी पाठीवरच होती, पण तिच्यावर चार बाटल्या आणि छत्री. ताईने टाचा बघितल्या आणि मला एवढंच म्हणाली, "अरे, पोर आहे ती, टेम्पो नाही." चेष्टेतच म्हणाली. पण मला ते लागलं.

तेव्हा एप्रिलअखेरच्या मुक्कामाच्या हाइकला मी ठरवलं, या वेळी चूक नाही. भाचीला रोज दुकानात बोलावायचो. भाजीच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून आम्ही वजन करत होतो. दुकानाचे मालक गुजराती काका गल्ल्यामागून बघायचे. "अरे, चप्पल का भाव क्या है?" म्हणून विचारायचे. एक टॉवेल काढला. टूथपेस्टची मोठी ट्यूब काढून छोटी घातली. औषधांतली तीन चतुर्थांश काढली. काढलेली प्रत्येक वस्तू मी पुन्हा एकदा हातात घेऊन बघायचो, कारण जे काढलं नेमकं तेच लागलं तर?

हवामानात पाऊस सांगितला होता. यादीत लिहिलं होतं, रात्रीचे कपडे आणि स्लीपिंग बॅग काहीही झालं तरी कोरडी राहिली पाहिजे. स्लीपिंग बॅग ग्रुपकडूनच मिळाली होती, पण तिच्या पिशवीची दोरी गायब होती. यात मात्र मला कुणाला विचारायची गरज नव्हती. दुकानातून बासमतीच्या रिकाम्या पिशव्या आणल्या. त्या प्लॅस्टिकच्या धाग्याने विणलेल्या असतात, दाताने फाटत नाहीत. आत कचऱ्याची काळी पिशवी, बाहेर तांदळाची, आणि वरून सुतळी, उभी आडवी, दुहेरी. एका गठ्ठ्यात झोपायचे कपडे, लोकरी मोजे, टोपी. दुसऱ्यात स्लीपिंग बॅग. आणि गाठ मारली ती आमच्या गोदामातली, मुकादमाने मला पहिल्या महिन्यात शिकवलेली, गुडघा रोवून ओढायची. भाचीने गठ्ठा हलवून बघितला.

"वॉव. रॉक."

"कलकत्त्याला गेला तरी सुटणार नाही," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये लीडर आल्या. साठीच्या, आखूड पांढरे केस, पोटऱ्या एखाद्या पैलवानासारख्या. सगळे त्यांना नावाने हाक मारायचे. माझ्याने ते व्हायचं नाही, मी मॅडम म्हणायचो. त्यांनी प्रत्येक मुलीची सॅक उचलून बघितली. भाचीची उचलली, वरून दाबली, गठ्ठ्यावर बोटाने टिचकी मारली आणि माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. त्यांच्या बोलण्यातलं मला एवढंच कळलं, की इथून पुढे आपापली सॅक आपण उघडायची, आपण भरायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. भाची मान हलवत होती. गाडीत बसताना ती मागे वळली नाही. मला वाटलं, चला, पार पडलं.

दुपारी दोनच्या सुमाराला दुकानात तांदूळ-डाळीचा माल उतरला. बाहेर पाऊस लागला होता, आणि दार उघडलं की असा गार वारा आत यायचा की काकांनी स्वेटर चढवला. मी पहिलं पोतं आडवं केलं. तोंडाला सुतळीची गाठ होती, आमच्यासारखीच. मी खिशातून कटर काढला, पातं पुढे सरकवलं, गाठीखाली घातलं.

आणि तसाच राहिलो.

ती गाठ सोडायची नसते. आम्ही ती मारायचो तीच पलीकडच्या माणसाने कापावी म्हणून. पंचवीस वर्षांत मी हजारो गाठी मारल्या असतील, माझ्या हाताने एकही सोडली नव्हती. पलीकडे प्रत्येकाकडे कोयती असते हे आम्ही धरूनच चालायचो. भाचीकडे काय होतं? चाकू नाही आणायचा, हे मी स्वतः पुठ्ठ्यावर लिहिलं होतं. त्यात सुतळी तागाची. भिजली की फुगते, गाठ आणखी आवळते.

लीडरकडे चाकू होता, खरं. मागितला तर मिळाला असता. पण मला टाचेवरचा फुटलेला फोड दिसायला लागला. ही मुलगी मागणार नाही. ओल्या कपड्यांत बसेल, दात वाजतील, कुणी विचारलं तर 'फाइन' म्हणेल, आणि कोरडे कपडे, कोरडी स्लीपिंग बॅग शेजारीच पडलेली असेल, मामाने बांधलेली.

यादीवरचा लीडरचा नंबर मी खिशात लिहून ठेवला होता, त्यावर फोन लावला. डोंगरात सिग्नल नव्हता, मशीन बोललं. मग लॅबमध्ये ताईला लावला. तिने शांतपणे ऐकलं.

"अरे, लीडर आहे ना तिथे. तिला कळेल."

"कळणार नाही, ताई. ही सांगायची नाही."

"हं," ती म्हणाली. तिलाही टाचा आठवल्या असणार.

"मग मी जाऊ?"

"तू? हायवेवर कधी गेलायस?" आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "जाऊ नको. सगळ्या मुलींच्या मधे मामा उगवला तर तिला किती लाज वाटेल, तुला कल्पना नाही. इथली मुलं असं विसरत नाहीत. एक रात्र आहे. निघेल."

"हो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी तीन पोती फोडली आणि तूरडाळ मुगाच्या कप्प्यात ओतली. काकांनी ते बघितलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू जा, भाई. डाळ मी वेगळी करतो. नाहीतर तू माझं अख्खं दुकान मिक्स करशील."

ताईचा शब्द मी आजवर मोडला नव्हता. मोडला तो त्या दिवशी. दाजींच्या जुन्या गाडीने मी घर ते दुकान एवढंच जायचो, आणि आता ऐंशी नंबरच्या हायवेवर पश्चिमेला निघालो, पावसात, उजवी लेन न सोडता. मोठे ट्रक शेजारून गेले की काचेवर पाण्याची भिंत यायची आणि मी मनातल्या मनात आकडे मोजायचो. सकाळी पालकांना दिलेला नकाशा शेजारच्या सीटवर होता. सगळा रस्ता मी एकच वाक्य पाठ करत होतो, 'प्लीज कट द रोप.' मग वाटलं, रोप म्हणजे दोरखंड; त्यांना कळेल का? पण सुतळीला दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता.

जिथून वाट वर जाते तिथल्या पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. उतरलो, चार पावलं गेलो आणि खिशात कटर लागला. मी परत फिरलो. मुलींचा कॅम्प, जंगल, पावसात भिजलेला माझ्या रंगाचा अनोळखी माणूस, आणि त्याच्या खिशात पातं. ती वर्षं अशी होती की आमच्यासारख्या माणसाकडे लोक आधी संशयानेच बघायचे, आणि याचा खुलासा करायला माझं इंग्रजी पुरलं नसतं. कटर सीटखाली ठेवला, गाडी लॉक केली, पुन्हा उघडून बघितली, पुन्हा लॉक केली.

झाडांवर निळ्या रंगाचे पट्टे होते, ते बघत वर जायचं. माझ्या पायात दुकानातले बूट, अंगात सुती शर्ट. दहा मिनिटांत तो पाठीला चिकटला आणि मला थंडी भरली, तेव्हा कॉटन का नको ते समजलं. पाऊण तास चढलो असेन. मधे दोनदा वाटलं, ताईचं बरोबर आहे, परत फिरावं. एकदा तर फिरलोही, वीसेक पावलं. मग माझेच दात वाजलेले ऐकले आणि पुन्हा वर निघालो.

आधी हसणं ऐकू आलं. मोठी ताडपत्री झाडांना बांधली होती, तिच्याखाली मुली दाटीवाटीने बसून काहीतरी गरम पीत होत्या. सगळ्यांनी कपडे बदललेले दिसत होते. भाची कडेला होती. तिच्या अंगावर सकाळचंच जॅकेट, केस गालाला चिकटलेले. पाठ इतरांकडे करून ती मांडीत तांदळाची पिशवी घेऊन बसली होती आणि सुतळी दातांत धरली होती.

लीडर पुढे आल्या. माझ्याकडे बघताना त्यांचा चेहरा आधी कडक होता. माझं पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं ते कळेना. मुली कप हातात धरून आमच्याकडे बघायला लागल्या. भाचीने वर बघितलं, मला ओळखलं आणि नजर खाली घातली. लीडरनी तिच्याकडे वळून काहीतरी विचारलं, हा कोण, असंच असणार.

ती लगेच बोलली नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

"माय अंकल," ती शेवटी म्हणाली.

मी गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "माय मिस्टेक," म्हणालो. "नॉट हर. माय." मग खाली बसलो आणि गाठीला हात घातला. वाटलं होतं, मी मारलेली आहे, मला सुटेल. नखं घातली, ओढली, वळवली. बोटं गारठली होती आणि सुतळी लाकडासारखी झाली होती. भाची माझ्या हातांकडे बघत होती.

"मी एक तास ट्राय केलं," ती हळूच म्हणाली.

"मागितला का नाहीस चाकू?"

"लीडर म्हणाल्या ना, आपलं आपण उघडायचं."

"पण हे उघडायचं नसतंच गं. कापायचं असतं. मी तुला सांगायला विसरलो."

तिने हे लीडरना इंग्रजीत सांगितलं. माझ्या तीन वाक्यांची तिने बरीच वाक्यं केली. लीडर आमच्या शेजारी गुडघ्यावर बसल्या, तिच्या हाताला हात लावून बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. भाचीने त्यांना आधी सांगितलं होतं की जेवण झाल्यावर बदलते, घाई नाही. त्यांनी चाकू काढला आणि माझ्याकडे न देता तिच्याकडे दिला. पातं अंगाच्या बाहेरच्या दिशेला कसं धरायचं ते दाखवलं. भाचीने पहिली सुतळी कापली, मग दुसरी. आतले कपडे कोरडेठाक होते. ती तंबूत गेली आणि लोकरी टोपी घालून बाहेर आली, ओठांना थोडा रंग आलेला. कुणीतरी तिच्या हातात कप दिला. एक मला दिला. मी उभ्यानेच प्यालो, तोंड भाजलं.

"मामा," ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आता घरी जा. प्लीज."

मी गेलो.

घरी ताई दारातच होती. काकांनी तिला फोन केला होता. ती मला रागावली नाही. कोरडा टॉवेल दिला, वरणभात गरम केला आणि समोर बसून एवढंच विचारलं, "भिजली होती?"

"हो."

तिने मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

रविवारी भाची गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. "सगळ्यांनी बघितलं," एवढंच बोलली. पुढचे चार दिवस माझ्याशी इंग्रजीत बोलत राहिली आणि मी सगळ्याला 'येस' म्हणत राहिलो. आता यादी माझ्याकडे येणार नाही हे मी धरूनच चाललो होतो. येऊ नये, असंच मला वाटत होतं. रात्रीचा मुक्काम पुन्हा जूनमध्ये होता. फ्रिजवरून पानं कधी काढली जातात हे मी रोज बघायचो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी ती बेसमेंटमध्ये आली. एका हातात रिकामी सॅक, दुसऱ्यात हिवाळ्यातले जाड हातमोजे.

"तू भर," ती मराठीत म्हणाली. "मग मी सगळं उघडणार. ग्लव्हज घालून, थंडीत बोटं चालत नाहीत तसं. जे उघडणार नाही ते तू परत बांधायचं."

मी भरलं. सुतळीच्या जागी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेतली, एक टोक ओढलं की सुटेल अशी, आणि असं बांधताना माझा हात दर वेळी अडखळत होता, कारण सुटणारी गाठ मला चूकच वाटते. प्रत्येक गठ्ठा तिने हातमोजे घालून उघडला. दुसऱ्या वेळी डोळे मिटून. टॉर्चची पिशवी अडकली.

"फेल," ती म्हणाली आणि ती माझ्याकडे फेकली.

मी परत बांधली. ती म्हणाली, "आता तू वर जा. तू बघत असलास की मला घाई होते."

मी जिन्यापर्यंत गेलो. वर मात्र गेलो नाही, चौथ्या पायरीवर बसलो. खालून चेनचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. दोनदा उठलो, दोनदा बसलो.

"मामा, मला ऐकू येतंय तू तिथे आहेस," ती खालून म्हणाली.

"जातो," मी म्हणालो, आणि तिथेच बसून राहिलो.